पाचोळ्याला दंड, डोंगराला माफी



होळी सरली की वसईच्या वाड्यांत पातेरा साठू लागतो आणि पूर्वेकडच्या गावांत राबाची तयारी सुरू होते. नेमक्या याच दिवसांत शहरातून एक सूर निघतो : शेतकरी जाळतो म्हणून हवा बिघडते. पंजाबच्या पराळीच्या बातम्या वाचून तयार झालेली ही मते आहेत. दिल्लीच्या धुराचा हिशेब वसईच्या वाडीवाल्याच्या आणि पारोळ-भाताण्याच्या भातकऱ्याच्या खात्यावर मांडायचा, असा हा प्रकार आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे हा विषय आम्ही मुद्दाम आणत आहोत. आमचे म्हणणे आधीच सरळ सांगून टाकतो. धूर वाईट, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तो पहिल्यांदा आमच्याच डोळ्यांत जातो, आमच्याच म्हाताऱ्याचा खोकला वाढवतो. उघड्यावर जाळण्याला नियम हवाच. पण तो नियम पालापाचोळ्याला आणि प्लास्टिकच्या ढिगाला एकाच मापाने मोजणारा नसावा, तो पालिकेलाही लागू असावा, आणि दंडाची पावती फाडण्याआधी दुसरी वाट दाखवणारा असावा. एवढे तीन निकष लावले तर आजचा कारभार त्यातल्या एकाही निकषाला उतरत नाही.

आगीआगीत फरक आहे

आपल्या तालुक्यात उघड्यावर तीन प्रकारची आग लागते. पहिली राबाची. कामण, पोमण, शिरवली, पारोळ, मेढे, सकवार या पट्ट्यात भाताचे रोप टाकायच्या जागेवर वर्षातून एकदा जमीन भाजतात. दुसरी वाडीतल्या पातेऱ्याची. आगाशी, निर्मळ, गास, नाळे, वाघोली, भुईगाव, गिरिज या पश्चिम पट्टीत माडाच्या झावळ्या, केळीची सुकी पाने, आंब्या-चिकूचा पाला गोळा करून कोपऱ्यात पेटवतात. तिसरी कचऱ्याची. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला पिशव्या, थर्माकोल, गाद्या, वायरी, टायर एकत्र पेटतात.

पहिल्या दोन आगींत झाडाचेच द्रव्य जळते. धूर होतो, तो आरोग्याला अपायकारकच असतो, ओला पाला असेल तर फारच होतो. पण तिसऱ्या आगीचे विष वेगळे आहे. पीव्हीसीचे पाइप आणि वायरींची वेष्टने जळली की आम्लाची वाफ आणि डायऑक्सिनसारखी द्रव्ये हवेत जातात, राखेत उरतात आणि मातीत मुरतात. या तिन्ही आगींना 'कचरा जाळणे' असा एकच शब्द वापरला की सोय कोणाची होते? वाडीतला धूर लांबून दिसतो, वाडीचा मालक घरीच सापडतो. रात्री टेम्पोतून राडारोडा आणि प्लास्टिक आणून पेटवून जाणारा मात्र सापडत नाही.

पंजाबशी तुलना तर मुळातच चुकीची. तिथे यंत्राने कापणी झाल्यावर उभे खुंट राहतात, गव्हाच्या पेरणीला दोन-तीन आठवडेच मिळतात, आणि सबंध शेत पेटवले जाते. आपल्याकडे भाताचा पेंढा जाळायला शिल्लक राहतोच कुठे? तो गुरांच्या पोटात जातो. राब भाजतात तो फक्त रोपाच्या जागेवर. एक हेक्टर लावणीला साधारण दहा गुंठे रोप लागते. म्हणजे शेताचा दहावा भाग, वर्षातून एकदा.

राब : सव्वाशेहून अधिक वर्षांचा जुना खटला

राबावरून शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधने आली. तेव्हा आपला पालघर ठाणे जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. लोकांचा असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे विलायतेहून आलेले शेती-रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या ग्रंथात राबाची दखल घेतली. अडाणी रूढी म्हणून ती झटकून टाकली नाही. १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरोल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर स्वतंत्र शास्त्रीय निबंधच प्रसिद्ध केला.

एवढ्या शहाण्या माणसांना राबात काय दिसले? जे आपल्या आजीला माहीत होते तेच. कोकणचा पाऊस एकदा सुरू झाला की तण भाताच्या आधी वर येते. भाजलेल्या जमिनीत तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते आणि रोप उपटताना मुळे तुटत नाहीत. तणनाशकाची बाटली न आणता, खताची गोणी न आणता, घरचे शेण, पाला आणि वरून मातीचा थर एवढ्यावर हे काम होते. ज्या वारली, मल्हार कोळी आणि कातकरी घरांकडे चार-दोन गुंठ्यांच्या वर जमीन नाही, त्यांच्यासाठी राब म्हणजे बिनपैशाचे भांडवल आहे. ते बंद करा म्हणणाऱ्याने आधी त्या जागी काय देणार ते सांगावे.

राब अमर आहे असेही आम्ही म्हणत नाही. त्यासाठी झाडे छाटावी लागतात, शेण शेतात न जाता आगीत जाते, पाल्यातले नत्र धुरावाटे उडून जाते आणि मागे राहते ती राख. याला उत्तरे आपल्या कोकणातच निघाली आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात, आणि शेतात गिरिपुष्पाचा पाला घालतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी २०११ च्या सुमारास सगुणा राईस तंत्र पुढे आणले. त्यात कायम गादीवाफ्यावर भात टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही, आणि रोपवाटिकाच नसल्याने राबही नाही. ज्याला जमेल त्याने यातले काही जरूर करून पाहावे. पण तुसाची राख पाड्यापर्यंत कोण आणणार? पहिल्या वर्षी पीक कमी आले तर भरपाई कोण देणार? कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ याच कामासाठी आहेत. ती माणसे आणि ते बियाणे बांधावर आले, चार गावांत पीक उभे राहिले, की राब आपोआप कमी होईल. नोटिशीने तो कमी होणार नाही, फक्त रात्री पेटेल. आणि रात्रीची आग अधिक धोक्याची असते.

वाडीचा पातेरा का पेटतो

आता पश्चिम पट्टीकडे या. वाढलेला माड वर्षाला बारा-चौदा झावळ्या टाकतो. शंभर माडांची वाडी असेल तर बाराशेवर झावळ्या झाल्या. त्यात पोयी, सोडणे, केळीचे खुंट, आंब्याचा पाला मिळवा. एके काळी यातली काडी वाया जात नव्हती. झावळ्यांचे झाप विणून मांडव आणि कूड व्हायचे, हिरांचे खराटे व्हायचे, सोडण आणि पोय चुलीत आणि बंबाखाली जायची, उरलेला पातेरा आळ्यात नाही तर उकिरड्यात. आज झापाच्या जागी पत्रा आला, खराट्याच्या जागी प्लास्टिकचा झाडू आला, चुलीच्या जागी गॅस आला. माड मात्र झावळ्या टाकायचा थांबला नाही.

मग वाडीवाला जाळतो का? त्याला हौस आहे म्हणून नव्हे. बाराशे झावळ्या तोडून, बारीक करून, खड्ड्यात रचून, पाणी मारून, वर्षभर कुजवायला माणूस लागतो, आणि माणसाला मजुरी लागते. दादरच्या बाजारात पहाटे नेलेल्या मोगऱ्याला आणि पालेभाजीला मिळणाऱ्या भावात ती मजुरी बसत नाही. काडेपेटीला पैसे लागत नाहीत. शेतमालाच्या भावाचा प्रश्न असा शेवटी पातेऱ्याच्या ढिगापर्यंत येऊन पोहोचतो. ज्या धंद्यात झाडलोटीची मजुरी सुटत नाही त्या धंद्यावर पाच हजारांचा दंड लावायचा आणि त्याला पर्यावरणरक्षण म्हणायचे, हा कुठला न्याय?

कायद्यात काय आहे

कायदा वाचून घेऊ. कारण आपल्याला तो अर्धाच सांगितला जातो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी घनकचऱ्याच्या प्रकरणात आदेश दिला. उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई. फलकावर एवढेच येते. पण त्याच आदेशात त्याच बंदीखाली कचराभूमीचेही नाव घेतलेले आहे. कचराभूमीवरची आगही तितकीच बेकायदा आहे, हे वाक्य कोणत्या चौकात लावलेले पाहिले आहे?

त्याच वर्षी, ८ एप्रिल २०१६ रोजी, केंद्राने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांत बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची वासलात लावायची, असे नागरिकाला सांगितले. रस्त्यावर आणि सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली. आणि पालिकांना काय सांगितले? उद्याने आणि बागांचा कचरा वेगळा गोळा करा, शक्य तिथे त्याच जागी त्यावर प्रक्रिया करा. म्हणजे आम्ही पातेरा वेगळा ठेवायचा, तर 'असे करा' हे सांगणे आणि त्याची सोय उभी करणे पालिकेकडे आले. दहा वर्षे होत आली. वाडीत येऊन झावळ्यांचा भुगा करून देणारे यंत्र किती गावांनी पाहिले, हे प्रत्येक गावाने बैठकीत हात वर करून सांगावे.

गोखिवऱ्याचा डोंगर

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, मोर्चे काढले, कोर्टात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाखांवर होती. या सगळ्या वस्तीचा कचरा जातो कुठे? गोखिवऱ्याला, भोयदापाड्याच्या कचराभूमीवर. तिथे वर्षानुवर्षे कचऱ्याचा डोंगर रचला गेला. कुजणाऱ्या ढिगाच्या पोटात मिथेन वायू साठतो, उन्हाळ्यात तो पेट घेतो आणि आतल्या आत दिवस-दिवस धुमसतो. तिथे एकदा नव्हे, वारंवार आगी लागल्या आहेत. त्या धुरात पाला किती आणि प्लास्टिक किती याचा हिशेब कोणीही करावा.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईची देवनार कचराभूमी पेटली तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळचे ब्रह्मपुरम पेटले आणि दहा दिवसांवर शहर धुरात राहिले. भोयदापाड्याच्या आसपास राहणारी माणसे गरीब आहेत, म्हणून त्यांच्या धुराची बातमी लवकर मोठी होत नाही, एवढाच फरक.

आमचा सवाल साधा आहे. माडाखालच्या पातेऱ्याला ५,००० रुपये, तर या डोंगराला किती? तो दंड कोण आकारणार, आणि कोणाच्या खिशातून वसूल होणार? पालिकेला दंड झाला तरी तो घरपट्टी भरणाऱ्याच्याच पैशातून जातो, अधिकाऱ्याच्या पगारातून नाही. त्यातून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ पालिकेवर प्रशासक होता. जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. ज्या कारभारात आपला आवाज नव्हता त्या कारभाराने आपल्या अंगणातल्या काडीकचऱ्याचे नियम ठरवायचे, हे आम्हाला मान्य नाही.

इमारतीतला माणूस आपला वैरी नव्हे

एक गोष्ट मात्र आपसात स्पष्ट बोलली पाहिजे. काही मंडळी म्हणतात, "आमची वाडी आधीपासून आहे, इमारत नंतर आली, धूर सोसत नसेल तर खिडकी लावा." हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. कर्ज काढून दोन खोल्या घेणारा, रोज विरार लोकलला लटकून जाणारा माणूस बिल्डर नव्हे. त्याच्या घरातही दमेकरी आई आहे, तान्हे मूल आहे. त्याला आपल्या बाजूला घ्यायचे की आपल्याविरुद्ध तक्रार करायला लावायचे, हे आपल्या वागण्यावर आहे. डोंगराचा धूर त्याच्याही घरात जातो. ती लढाई दोघांची आहे.

म्हणून दुसऱ्याने नियम लादण्याआधी आपण आपले नियम करू आणि ते पाळून दाखवू :

१. पातेऱ्याच्या ढिगात प्लास्टिकची एकही पिशवी, खताची गोणी, ठिबकची नळी, रोपांची काळी पिशवी जाणार नाही. पालाच जाळतो म्हणायचे आणि खाली गोण्या सारायच्या, हे चालणार नाही.

२. ओला पाला जाळायचा नाही. थंडीत पहाटे आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. त्या वेळी हवा जड असते, धूर वर न जाता वस्तीवर बसतो.

३. राब सकाळी, खारा वारा उठण्याआधी भाजायचा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, ठिणगी पूर्वेकडे धावते. जाळ वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशा बाजूने लावायचा. मातीचा थर चुकवायचा नाही. त्यानेच आग धीमी राहते.

४. भोवती चार हात जमीन खरवडून मोकळी करायची. गवताची गंज, पेंढ्याची उडवी, गोठा, विजेच्या तारा यांच्याजवळ आग नाही. आंब्याखाली आणि माडाच्या बुंध्याशी नाही. झाडाची साल भाजते, मोहोर करपतो.

५. पाण्याची पिंपे भरून ठेवायची. पंपावर विसंबायचे नाही, वीज कधी जाईल सांगता येत नाही. हिरव्या टहाळ्या आणि फावडे हाताशी हवे.

६. रॉकेल, पेट्रोल ओतायचे नाही. आगीजवळ नायलॉनची साडी, ओढणी नको, सुती कपडे. मुलांना लांब ठेवायचे. एकट्याने भाजायचे नाही आणि आग सोडून जेवायला जायचे नाही. राख वरून थंड दिसते, आत निखारा असतो. पाणी मारून, उकरून, हात लावून पाहूनच घरी जायचे.

७. तुंगारेश्वरच्या बाजूच्या गावांनी विशेष जपायचे. अभयारण्यात आग लावणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार आगीबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिने कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजाऱ्याची गंज जळाली तर 'चुकून झाले' म्हणून सुटका नाही. आग पसरली तर लाज न बाळगता लगेच १०१ ला फोन करायचा.

आणि वाडीवाल्यांना एक विनंती. जितका पातेरा आळ्यात पसरता येईल तितका पसरा. माडाच्या बुंध्याभोवती सोडणे पुरली तर उन्हाळ्यात ओल धरून राहते. झावळ्यांचे गांडूळखत होते, हे कासरगोडच्या लागवड पीक संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. केळीच्या खुंटात पालाश भरपूर असते. तो जाळण्यासाठी नाही, कुजवण्यासाठी आहे. जे जाळतो ते आपलेच खत आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गोणी दुकानातून विकत आणतो.

बैठकीपुढचे ठराव

एक : राब आणि वाडीचा पालापाचोळा यांना शहरी कचऱ्यापासून वेगळे धरावे, त्यांचे नियम ग्रामसभेत आणि प्रभागातल्या शेतकऱ्यांच्या सभेत ठरावेत.

दोन : झावळ्या आणि फांद्या बारीक करणारी फिरती यंत्रे पालिकेने आणि जिल्हा परिषदेने पट्ट्यापट्ट्यात द्यावीत. होणारा भुगा वाडीवाल्याचाच राहील. ही सोय होईपर्यंत शेतकऱ्याकडून दंडवसुली थांबवावी.

तीन : प्लास्टिक, टायर, वायरी जाळणारा कोणीही असो, शेतकरी असला तरी, त्याला पूर्ण दंड व्हावा. त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

चार : गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर लागलेल्या प्रत्येक आगीची तारीख, कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर व्हावे.

पाच : तुसाची राख, गादीवाफा आणि टोकण पद्धतीची प्रात्यक्षिके येत्या रोहिणी नक्षत्राआधी पूर्वपट्टीच्या पाड्यांवर व्हावीत.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या वाडीत किती पातेरा निघतो आणि तो उचलायला किती मजुरी पडते याचा हिशेब कागदावर मांडून आणावा. भाषणे आमच्याकडे पुष्कळ आहेत. अधिकाऱ्यासमोर ठेवायला हिशेब हवा. आमच्या ढिगातली प्लास्टिकची पिशवी आम्ही काढतो. पालिकेने आपला डोंगर विझवावा. मग दंडाचे पावतीपुस्तक घेऊन खुशाल वाडीत यावे.